तीनशे तेरावं पान

कुणी हातात प्रबंध दिला, की सर तो आधी उघडत नसत. भाजीवाली कोबीचा गड्डा जोखते तसा उजव्या तळहातावर घेऊन दोनदा वरखाली करत. मग टेबलावर ठेवत आणि चष्म्याच्या वरून बघत विचारत, "छान. गिऱ्हाईक कोण?"

प्रश्न साधा होता, पण त्यानं भल्याभल्यांची दांडी उडालेली मी पाहिली आहे. मराठीच्या एका बाईंनी जात्यावरच्या ओव्यांवर सहा वर्षं काम केलं होतं. त्या बाणेदारपणे म्हणाल्या, "रसिक वाचक." सरांनी वही पुढं केली. "पत्ता लिहा त्यांचा." बाई रडायच्याच बाकी होत्या. पुढं त्या ओव्यांची कॅसेट निघाली आणि लग्नसराईत नाशिकच्या भद्रकाली भागातल्या एका दुकानातून हातोहात खपली. त्यानंतर बाई सरांच्या वतीनं इतरांना विचारू लागल्या, "गिऱ्हाईक कोण?"

हे सगळं नव्वदच्या दशकातलं. आमच्या विद्यापीठाचं नाशिकला एक केंद्र होतं आणि सर त्याचे संचालक होते. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, कारण पुढं त्याच्याच पेन्शनवर माझं घर चालायचं आहे. विद्यापीठातली अक्कल कपाटातून काढून बाजारात नेली तर जिल्ह्याचं भलं होईल, हा सरांचा एकमेव विचार. तो सर सकाळी प्रार्थनेसारखा आणि संध्याकाळी तक्रारीसारखा बोलून दाखवत.

मी तिथं रसायनशास्त्र शिकवायचो. माझ्या प्रबंधाचा विषय होता एकलहऱ्याच्या वीज केंद्रातली राख, आणि त्या राखेची वीट. प्रबंधाची पानं तीनशे बारा. हा आकडा लक्षात ठेवा.

आमच्या घरी नवीन पाहुणा जेवायला आला, की मुलं म्हणतात, "बाबा, ती विटेची गोष्ट सांगा ना." त्यावर बायको आमटी गरम करायला म्हणून स्वयंपाकघरात जाते आणि गोष्ट संपेपर्यंत बाहेर येत नाही. तोंडी सांगताना मी दरवेळी स्वतःला थोडा थोडा शूर करत आलो आहे. परवाच्या आवृत्तीत तर भर सभेत उभं राहून मी मुख्यालयाच्या समितीला सुनावलं होतं. आज लिहून काढायचं ठरवलंय, तेव्हा खरं सांगणं भाग आहे. लिहिलेलं बायको वाचते.

तर सर. बुटके, पोट सुटलेलं, पट्टा पोटाच्या बरोब्बर मध्यावर. अर्ध्या बाह्यांच्या बुशशर्टाच्या खिशात पेनाऐवजी सहा इंची स्टीलची पट्टी, कारण "पेन कुणीही देतं, मोजमाप कुणी देत नाही." केंद्राची एक जुनी अँबेसेडर होती. तिच्या डिकीत स्टेपनी कधीच नसायची. तिथं असायचं द्राक्षाच्या बियांचं तेल, नागलीचं माल्ट, कांद्याची पावडर, माझ्या दोन-तीन विटा, आणि या सगळ्याचा मिळून झालेला एक वास. तो वास सर गाडीतून उतरले तरी त्यांच्या मागोमाग चालत यायचा. पंक्चर झालं की सर खाली उतरून पंक्चरवाल्याला तेलाची बाटली दाखवत. "हे काय आहे, ओळखा पाहू."

सगळंच जमलं असं नाही. त्या तेलाचा साबण केंद्रानं काढला होता. त्यानं फेस सोडून सगळं व्हायचं. सरांच्या घरी काकूंनी तो मोरीच्या खिडकीत ठेवला होता. पालीसुद्धा त्या खिडकीत येत नाहीत, असं त्या सांगत. सरांनी लगेच वहीत टिपून घेतलं, "पालींसाठी?"

माझ्या मेव्हण्याच्या लग्नाला सर आले होते. चकचकीत कागदात गुंडाळलेला जड आहेर त्यांनी नवरदेवाच्या हातात दिला. मेव्हण्याला वाटलं, मिक्सर. रात्री सगळ्या नातेवाइकांसमोर कागद सोडला, तर आतून निघाली माझी वीट. सोबत चिठ्ठी होती, "आपल्या घराची पहिली." पुढं कितीतरी दिवस सासरी माझ्याकडे ज्या नजरेनं बघत, ती इथं लिहिता येणार नाही.

सरांचा एक नियम मात्र आमच्या काळजात धडकी भरवायचा. संशोधन करणाऱ्या प्रत्येकानं एक दिवस कळवणच्या आठवडी बाजारात गोणपाट टाकून बसायचं. आपण जे काही शोधलंय ते समोर मांडायचं आणि येईल त्याला समजावून सांगायचं. विकायची सक्ती नव्हती. पण ज्याचं उत्तर आपल्याला येत नाही असा एक तरी प्रश्न मिळाल्याशिवाय गोणपाटावरून उठायचं नाही. कळवणच का, तर नाशिकची माणसं मान डोलावतात, असं सरांचं म्हणणं. "कळवणचा माणूस मान डोलावत नाही. तो विचारतो."

माझी पाळी आली तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. एका बाजूला सुकट-बोंबीलवाली, दुसऱ्या बाजूला विळे-कोयत्यांना धार लावणारा, आणि मधे मी, समोर तीन करड्या विटा. सर स्वतः पलीकडच्या टपरीत चहा पीत पाळतीवर.

पहिला तासभर कुणी फिरकलं नाही. मग एक म्हातारी आली. तिनं वीट उचलून उलटसुलट केली.

"टाचा घासाया हाय का रं?"

"नाही आजी, ही बांधकामाची वीट. एकलहऱ्याच्या राखेपासून—"

"टाचाच घासाया चांगली हाय," म्हातारी म्हणाली आणि तिथंच चप्पल काढून तिनं प्रयोग केला. बोंबीलवाली हसून हसून बेजार झाली. "मास्तर, इस्त्री मोडंल, सावलीत सरका," असा सल्ला तिनं वर दिला.

दुपारी एक जोडपं समोर येऊन उकिडवं बसलं. बाप्या काटकुळा, चाळिशीचा. त्यानं वीट घेतली, बोटाच्या पेरानं टकटक केलं, कानाशी नेली आणि मग सरळ जिभेला लावली.

"राख हाय," तो म्हणाला.

मला माझ्या परीक्षकांची आठवण झाली. त्यांना एवढं कळायला दोन वर्षं लागली होती. "एकलहऱ्याची," मी म्हणालो.

"ठाव हाय. तिथंच विटा थापतो आमी. मातीत मिसळतो ही." त्याचं नाव सोमा. कळवणच्या पलीकडं डोंगराच्या पायथ्याला त्याचा पाडा. दिवाळी सरली की नाशिक रोडकडच्या वीटभट्ट्यांवर जायचं, पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचं, हे त्याचं आणि पाड्यावरच्या बहुतेकांचं वर्षानुवर्षांचं जगणं. शेजारी बसलेली त्याची बायको हिराबाई. तिचं लक्ष विटेकडे नव्हतं, माझ्या शर्टाकडे होतं.

सोमानं वीट खाली ठेवली. "सायेब, येक इचारू? आमी दर साली पोरंबाळं घिऊन राखंकडं जातो. ती राख आमच्याकडं का येत नाय?"

तीनशे बारा पानांत याचं उत्तर नव्हतं. टपरीतून सर बशीतला चहा सांडत लगबगीनं आले. "मिळाला! प्रश्न मिळाला!" त्यांनी सोमाचा हात धरला, तो एस.टी. सुटेपर्यंत सोडला नाही. हिराबाई माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमचे सायेब बरे हायत ना?"

सरांनी तो प्रश्न अक्षरशः अंगावर घेतला. माझ्या विटेला भट्टी लागत नाही. राख, चुना, थोडं सिमेंट आणि खडीची कच एकत्र करून साच्यात दाबायची, सावलीत वाळवायची आणि तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. कोळसा नको, लाकूड नको, गाळाची माती नको. म्हणजे राख ट्रकनं वर नेली, की पाड्यावरच विटा होतील. सरांनी कुठून कुठून परवानग्या आणल्या, हातानं दाबायचं एक मशीन आणलं, आणि सोमाच्या घरामागच्या मोहाच्या झाडाखाली मांडव पडला. सोमासकट चार घरं त्यात उतरली.

त्या दिवाळीनंतर भट्टीवर माणसं नेणारा मुकादम आला तेव्हा चारही घरांनी त्याला नाही सांगितलं. तो हसला. "राखंची वीट? बरं. मी बसतो वाट बघत." घर सोडून भट्टीवर जाताना त्यांच्याकडं दाराला बोरीची काटी लावून जातात, गुरं आत शिरू नयेत म्हणून. हिराबाईनं ती काटी चुलीत घातली. "औंदा दाराला काटी नाय," ती म्हणाली.

आता हे काम टिकणार की नाही, ते एकाच गोष्टीवर ठरणार होतं. केंद्राची नवी इमारत व्हायची होती. तिला याच विटा वापरायच्या, असा सरांचा प्रस्ताव. मुख्यालयाची समिती पाड्यावर येऊन वीट बघणार, समोर एक भिंत चढवून घेणार आणि ठरवणार. हो म्हणाली तर चार घरांना दोन वर्षं पुरेल इतकं काम. नाही म्हणाली तर मुकादम वाट बघत बसलेलाच होता.

मी दर आठवड्याला पाड्यावर जावं असं ठरलं होतं. मी एकदा गेलो. मिश्रण करून दाखवलं, मशीनचा दांडा ओढून दाखवला (तो माझ्यानं पुरता ओढला गेला नाही, हिराबाईनं एका हातानं ओढला), पाणी मारायचं वेळापत्रक सांगितलं आणि परत आलो. पुढं उत्तरपत्रिका आल्या. शिवाय घाटात एस.टी.मध्ये मला उलटी होते. म्हणून मी पोस्टकार्डं पाठवली, "पाणी मारत राहावे." तीन कार्डं. चौथं लिहायचा कंटाळा केला.

समितीचा दिवस आला. आम्ही पोचलो तेव्हा पाडा सारवून लख्ख केलेला होता. मांडवाला झेंडूच्या माळा. मधोमध विटांची सुबक रास, एकसारख्या, कडा धारदार. मला त्या जराशा तांबूस वाटल्या. मी समजलो, सकाळचं ऊन.

समितीत तिघं होते. अध्यक्षांनी रुमालानं खुर्ची पुसली आणि बसले. सरांनी भाषण आवरतं घेतलं, म्हणजे अर्ध्या तासात. मग कळवणहून आणलेल्या गवंड्यानं, कुठलाही गवंडी करतो तसं, बांधकामाआधी विटा हौदात भिजत घातल्या. दोरी बांधली, माल कालवला आणि वीट काढायला हौदात हात घातला.

हात वर आला तो नुसता चिखलानं माखून.

त्यानं पुन्हा हात घातला. हौदातून फस्स फस्स असा आवाज येत होता. चहात बिस्कीट विसरावं आणि मग चमच्यानं शोधावं, तशी माझी सहा वर्षांची मेहनत तो गवंडी शोधत होता.

"विरघळतायत की काय?" अध्यक्षांनी विचारलं.

मी धावत जाऊन हौदात वाकलो. "सोमाभाऊ, काय केलंत हे?"

"काय केलं?" सोमा गोंधळला होता. "सांगितलं तसं केलं. पानी मारलं. मंग भाजल्या."

"भाजल्या?"

"मंग? पाव्हन्यांना कच्च्या विटा दावायच्या?" हिराबाई पुढं आली. "चांगल्या चांगल्या निवडून भाजल्या. तीन दीस जाळ घातला. समद्या पाड्यानं लाकडं आनली."

"अहो, पण ही वीट भाजायची नसते!"

"कवा सांगितलं तुमी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मनातल्या मनात प्रबंध पहिल्या पानापासून चाळला. त्यात तक्ते होते, आलेख होते, परदेशी संदर्भ होते. 'भाजू नये' हे दोन शब्द कुठंच नव्हते. मला ते लिहिण्यासारखं वाटलंच नव्हतं. प्रयोगशाळेत वीटभट्टी नसते. पण ज्या माणसानं उभा जन्म वीट थापली आणि भाजली, त्याच्या हातात कच्ची वीट दिल्यावर तो दुसरं काय करणार? आम्हाला मान द्यायला म्हणून त्यांनी ती भाजली होती, तीसुद्धा सगळ्यात चांगली निवडून. आणि भाजल्यामुळं तिच्यातला चुना असा काही बदलला, की पाणी लागताच तिचा भुगा व्हावा.

अध्यक्ष उठले. "चूक नेमकी कोणाची?" ते शांतपणे म्हणाले. "अहवालात लिहावं लागेल."

घरच्या गोष्टीत इथं मी छाती पुढं काढून उभा राहतो. प्रत्यक्षात मी हौदाकडे बघत उभा होतो.

"माझी," सर म्हणाले. "मी प्रबंध जोखला. वाचला नाही."

"ठीक आहे. अहवाल पाठवू," अध्यक्ष म्हणाले. आमच्या विद्यापीठात याचा अर्थ विषय संपला असा होतो. गाडीची धूळ खाली बसली. हिराबाई पाठमोरी होऊन मांडवाच्या माळा काढायला लागली.

"मुकादमाला निरोप धाडा," ती सोमाला म्हणाली. "काटी आनते."

सोमा मशीनवर गोणपाट झाकायला लागला. ते मला तिच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. सर हौदापाशी उभे राहून त्या राखाडी पाण्याकडे बघत होते. एकदम म्हणाले, "सोमाभाऊ, सगळ्याच भाजल्या?"

"नाय. लाकडं पुरली नाय. बाकीच्या मागं पडल्यात."

"पाणी मारलंत त्यांना?"

"कारडं आली तवर मारलं. कारडं थांबली, तरी ही मारीतच राहिली." सोमानं हिराबाईकडं मान वळवली.

सर पळाले. त्यांच्या संचालकपदाच्या अकरा वर्षांत मी त्यांना एकदाच पळताना पाहिलं, ते तेव्हा. पट्टा सावरत घरामागं गेले, दोन हातांत दोन करड्या विटा घेऊन आले आणि बाजूच्या पाण्याच्या पिंपात टाकल्या. मग पिंपाशेजारच्या दगडावर बसले.

"आता?" मी विचारलं.

"आता बस."

आम्ही बसलो. एक तास. दोन तास. सरांनी खिशातून शेंगदाणे काढले, सोमाला दिले, हिराबाईला दिले. मला दिले नाहीत. हिराबाई मांडवाच्या बांबूला टेकून उभी होती, हातात झेंडूची माळ तशीच.

शेवटी सोमानंच हात घातला. वीट सबंध बाहेर आली. त्यानं टकटक केलं, कानाशी नेली, जिभेला लावली. मग उठून डोक्याच्या वर नेली आणि जात्याच्या दगडावर जोरात आपटली. एक कोपरा टवका होऊन उडाला. बाकी वीट तशीच.

"ही तं कच्ची हाय ना?" हिराबाई म्हणाली.

"हो बाई. भाजली नाही, म्हणून उभी राहिली," सर म्हणाले. मग त्यांनी आवाज एकदम कामकाजाचा केला. "सोमाभाऊ, नाशिकला इंदिरानगरात माझं घर बांधायचंय. विटा कधी देता?"

"समितीचे सायेब तं गेले."

"ते जाऊ देत. गिऱ्हाईक मी."

हिराबाईनं हातातल्या माळेकडं पाहिलं आणि ती परत मांडवाला बांधली.

इंदिरानगरच्या प्लॉटवर लाल विटांचे दोन ट्रक आधीच उतरले होते आणि त्या काकूंनी स्वतः निवडल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. मी गाडीत त्याचा उच्चार केला नाही. घाट उतरताना सर एवढंच म्हणाले, "लिही. पान तीनशे तेरा."

मी लिहिलं, "सदर उत्पादनावरील औष्णिक प्रक्रियेच्या अनिष्ट परिणामांसंदर्भात..." सरांनी काट मारली. दुसरा खर्डाही गेला. चौथ्या वेळी उरलं ते असं: 'ही वीट भाजू नये. एकवीस दिवस पाणी द्यावे. भाजल्यास भिजताच तिचा भुगा होतो.' खाली पानाचा आकडा, ३१३. माझ्या सगळ्या लिखाणात एवढंच काय ते कुणी दोनदा वाचलं असेल.

सर ते पान घेऊन ग्रंथालयात गेले. ग्रंथपाल म्हणाले, "सर, पदवी मिळालेल्या प्रबंधाला पान जोडता येत नाही. नियम आहे."

"मग वीट जोडू का?" सरांनी पिशवीतून वीट काढून टेबलावर ठेवली. ग्रंथपालांनी डिंकाची बाटली पुढं केली.

त्याच पानाची मोठी प्रत करून सरांनी ती पाड्यावर मांडवाच्या खांबाला ठोकली. सोमाला अक्षरं लावायला वेळ लागे, पण विटा मोजून मोजून आकडे पक्के होते. त्यामुळं त्या कागदाला सगळे 'तीनशेतेरा' म्हणू लागले. "तीनशेतेरा बघितलं का?" म्हणजे पाणी मारलं का. पुढं साच्यात खूण हवी म्हणून नाव खोदणाऱ्या लोहारानं विचारलं, नाव काय टाकू? सोमा म्हणाला, तीनशेतेरा. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक विटेच्या पाठीवरच्या खळग्यात ३१३ उमटलेलं असतं. लोकांना वाटतं गाडीचा नंबर असेल, किंवा कुणाला लाभणारा आकडा.

सरांचं घर झालं. बाहेरून प्लास्टर मात्र त्यांनी करू दिलं नाही. "प्लास्टर केलं तर वीट दिसणार कशी?" येणाराजाणारा काकूंना हळूच विचारी, "पैसे कमी पडले का हो?" रविवारी बिल्डर, ठेकेदार, गवंडी यांना बोलावून सर नळी घेऊन भिंतीवर पाणी उडवत. बघा, काही होतंय का? काकू म्हणत, "मी पाहुण्यांना चहा देते, हे भिंतीला पाणी देतात." घरानं एक पावसाळा काढला, मग समितीचे अध्यक्षच एका रविवारी ती नळी हातात धरून उभे दिसले. केंद्राची इमारत त्या विटांची झाली. पाठोपाठ इतरही कामं आली. एकलहऱ्याहून राख घेऊन वर गेलेले ट्रक येताना विटा आणू लागले. सोमाच्या दाराला काटी पुन्हा लागली नाही. त्या मुकादमानं पुढं स्वतःच्या घराला विटा नेल्या, तेव्हा हिराबाईनं त्याला मुद्दाम तीनशेतेरा मोठ्यानं वाचायला लावलं, अशी बातमी आहे.

निवृत्त होताना सरांनी मला विचारलं, "नोकरी सोडून यात उतरतोस का? अशा अजून दहा पाड्यांना तू हवा आहेस." मी म्हणालो, "विचार करून सांगतो सर." अजून करतोय.

पुढं काही वर्षांनी आम्ही इंदिरानगरातच फ्लॅट घेतला, सरांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. इमारतीचा पाया चालू असताना मी बिल्डरला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "विटा लालच ना? पक्क्या, भट्टीच्या?" हा प्रश्न मी विचारला, हे आजवर बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच्या घराला काहीही असो, आपल्या घरात आपली मुलं झोपणार असतात. बिल्डर म्हणाला, "एकदम ओरिजिनल, प्राध्यापकसाहेब."

गेल्या साली आमच्या न्हाणीघराची भिंत ओलावली. प्लंबर आला, त्यानं टाइल काढली, छिन्नी मारली आणि थांबला.

"साहेब, ही लाल नाही. करडी आहे."

"असेल वरचं सिमेंट," मी म्हणालो.

"सिमेंट नाही, वीटच आहे. कडक आहे हो, छिन्नी बसत नाही. गळती जोडातून आहे, विटेला काही झालेलं नाही." त्यानं अर्धी वीट काढून माझ्या हातावर ठेवली. अर्ध्या खळग्यात दोन आकडे स्पष्ट, तिसरा तुटलेला. ३१ आणि पुढं तिनाचं डोकं.

बायको दारात उभी होती. तिनं आधी विटेकडं पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडं. "तुमची ना ही?" आणि मग ती जी हसत सुटली, ते प्लंबर गेल्यावरही हसतच होती.

दुसऱ्या दिवशी मी ती अर्धी वीट पिशवीत घालून सरांकडे गेलो. सर आता ऐंशीच्या पुढं आहेत. अंगणात त्या उघड्या भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसलेले असतात. कानाला कमी येतं. पट्टी अजून खिशात आहे.

मी वीट त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी दोनदा वरखाली करून जोखली.

"कुठं मिळाली?"

"आमच्या न्हाणीघरात."

"हां." त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. "तुझा बिल्डर तेव्हाच आला होता माझ्याकडे. म्हणाला, सर, तुमचे प्राध्यापक लाल विटा मागतायत, काय करू? म्हटलं, त्यांना हो म्हणा."

मला खाली बघायला जमीन पुरेना. सरांनी वीट मांडीवर ठेवली, पट्टी काढून तिची उंची मोजली आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेपुढं मी पुन्हा तिशीतला झालो.

"छान. गिऱ्हाईक कोण?"

"मी, सर," मी म्हणालो.

"कोण?" त्यांनी कानामागं हात धरला.

"मी सर!"

"कोण म्हणालास?"

"मी! गिऱ्हाईक मी!" इतक्या मोठ्यानं ओरडलो, की रस्त्यावरून जाणारा दूधवाला सायकलवरून उतरून बघू लागला.

आतून काकूंचा आवाज आला, "ये रे आत, चहा टाकलाय. तू पहिल्यांदा म्हणालास तेव्हाच ऐकू आलंय त्यांना."